सरकारचे लिहिणे आणि रयतेचे वाचणे

तहसील कचेरीच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या माणसाला पूर्वी एक सोय होती. पलीकडचा कारकून कितीही त्रासलेला असो, त्याने उच्चारलेला शब्द कळला नाही तर ‘म्हणजे काय, साहेब?’ असे विचारता येत असे. कारकून चिडे, पण पुन्हा सांगे; क्वचित अर्जातल्या जागेवर बोट ठेवून दाखवी. आज ती खिडकी पुष्कळ अंशी मोबाईलच्या पडद्यावर आली आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सात-बाराचा उतारा, अशी अनेक कामे संकेतस्थळावरून होऊ लागली आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 या कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही केली. हे सारे स्वागतार्हच आहे. मात्र एक उणीव राहिली आहे. पडद्याला प्रतिप्रश्न विचारता येत नाही. तेथे जे लिहिले असेल तेवढेच सरकार बोलते. आणि ते कळले नाही तर नागरिकाच्या दृष्टीने सरकार बोललेच नाही असे होते. कायद्याने वेळेची हमी दिली. कळण्याची हमी कोण देणार, हा प्रश्न शिल्लक आहे.

हा प्रश्न भाषाशुद्धीचा किंवा शैलीचा आहे असे समजून तो साहित्यसंमेलनांवर सोपवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वस्तुतः तो हक्काचा आणि काही प्रसंगी जीविताचा प्रश्न आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन शेजारी तालुक्यांकडे पाहिले म्हणजे ते स्पष्ट होते.

वाचणारा एक, ऐकणारे पाच

2011 च्या जनगणनेनुसार या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून सहा लाखांहून अधिक होती. पूर्वेकडे नारायणगाव आणि मंचरचा सधन बागायती पट्टा आहे. तेथे टोमॅटो, कांदा, ऊस यांचे व्यवहार चालतात आणि बाजारभाव मोबाईलवर पाहिले जातात. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीतील भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. आंबेगाव तालुक्याचे ठिकाण घोडेगाव. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावातून घोडेगावच्या कचेरीत यायचे म्हणजे माणसाचा दिवस मोडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा माणसाला घरबसल्या माहिती मिळणे ही चैन नव्हे. एक हेलपाटा वाचला तर त्याची एक मजुरी वाचते.

या भागात सरकारी मजकूर वाचला कसा जातो, याचाही विचार लिहिणाऱ्याने केला पाहिजे. घरातला आठवी-नववीतला मुलगा किंवा कॉलेजात जाणारी मुलगी तो मोठ्याने वाचते. आजोबा, वडील, शेजारचे दोघे ऐकतात. वाचणारा एक आणि ऐकणारे पाच. कधी हे काम शाळेच्या गुरुजींकडे येते, कधी ग्रामपंचायतीतल्या संगणक चालकाकडे. म्हणजे हा मजकूर डोळ्यांइतकाच कानांसाठीही असतो. वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ ज्याला आठवत नाही अशा श्रोत्यासमोर चार ओळींचे वाक्य व्यर्थ आहे.

आता एक वाक्य पाहू. ते कोणत्या एका कचेरीचे नाही. नमुन्यासाठी रचले आहे. पण सरकारी पत्रव्यवहाराशी संबंध आलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल: ‘सदर प्रकरणी विहित नमुन्यातील अर्जासोबत आवश्यक ती कागदपत्रे साक्षांकित करून विहित मुदतीत सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर न केल्यास सदर अर्ज निकाली काढण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’ व्याकरणदृष्ट्या यात चूक नाही. परंतु यातून नागरिकाला काय कळले? मुदत विहित आहे, पण किती दिवसांची? प्राधिकारी सक्षम आहे, पण तो तहसीलदार, मंडळ अधिकारी की आणखी कोणी? कागदपत्रे आवश्यक आहेत, पण कोणती? ‘साक्षांकित’ म्हणजे अधिकाऱ्याची सही-शिक्का, की ‘स्वयंसाक्षांकित’ म्हणजे स्वतःची सही? या एका उपसर्गाच्या फरकापायी माणसाचा आणखी एक दिवस जाऊ शकतो.

सर्वांत घातक शब्द शेवटी आहे. ‘निकाली काढणे’ याचा कचेरीतला अर्थ ‘प्रकरण बंद करणे’ असा आहे. ते अर्जदाराच्या बाजूने बंद झाले की विरुद्ध, याविषयी तो शब्द मौन पाळतो. गावातला माणूस मात्र ‘निकाल लागला’ असे समजतो आणि पुढच्या कागदाची वाट पाहत बसतो. ‘नस्तीबद्ध’, ‘दप्तरी दाखल’ हे याच कुळातले शब्द. नकार द्यायचा असेल तर नकार असे स्पष्ट म्हणण्याचा संकोच कचेरीला वाटतो आणि त्या संकोचाची किंमत अर्जदार भरतो.

ती किंमत केवढी असू शकते? 2006 चा वनहक्क कायदा घ्या. भीमाशंकरच्या परिसरात आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात या कायद्याला किती महत्त्व आहे हे सांगावयास नको. ग्रामसभेच्या ठरावाने किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयाने ज्याच्यावर अन्याय झाला असे त्याला वाटते, त्याने वरच्या समितीकडे 60 दिवसांच्या आत दाद मागायची असते. ‘तुमचा दावा नामंजूर झाला आहे, कारण असे, तुम्ही अमुक तारखेपर्यंत अमुक समितीकडे दाद मागू शकता’ ही तीन लहान वाक्ये आणि ‘दावा निकाली काढण्यात आला’ हे एक गूढ वाक्य, यांच्यामध्ये पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन उभी असते.

बिबट्या, पाऊस आणि शब्द

दुसरे उदाहरण बिबट्याचे. या दोन्ही तालुक्यांत उसाच्या शेतांत बिबट्यांनी घर केले आणि माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र उभारावे लागले, हे सर्वश्रुत आहे. पहाटे गोठ्यात शेळी मेलेली आढळते तेव्हा शेतकऱ्याच्या मनात पाच प्रश्न असतात. कोणाला कळवू? किती वेळात? कलेवर हलवू की तसेच ठेवू? पंचनामा कोण करील? भरपाईसाठी कोणते कागद लागतील? या प्रश्नांची उत्तरे सरकारने शोधलेली नाहीत असे नाही. ती शासन निर्णयांत असतात. परंतु शासन निर्णयाची मांडणी ‘वाचा’ या शब्दाने आणि त्याखालील जुन्या निर्णयांच्या यादीने सुरू होते. मग प्रस्तावना येते. शेतकऱ्याने जे वाचायचे ते त्यानंतर कुठे तरी सापडते. तोवर शेळीही हललेली असते आणि पुरावाही. वन विभागाचा 1926 हा मदतीचा क्रमांक पानाच्या माथ्यावर ठळक आकड्यांत असणे आणि तळाच्या कोपऱ्यात असणे, यांतला फरक त्या पहाटे कळतो.

तिसरे उदाहरण पावसाचे आहे आणि ते लिहिताना हात जड होतो. 30 जुलै 2014 रोजी पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गेली. गाव दिसेनासे झाल्याचे रोजच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाच्या ध्यानात आले. त्या दुर्घटनेचे खापर कोणत्या वाक्यावर फोडण्याचा येथे हेतू नाही. परंतु अशा प्रदेशात इशाऱ्याची भाषा कशी असावी याचा विचार माळीणनंतर टाळता येणार नाही. हवामान खात्याच्या परिभाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे पाऊस ‘मुसळधार’ ठरतो, 115.6 पासून ‘अति मुसळधार’ आणि 204.5 पासून ‘अत्यंत मुसळधार’. उलट महसूल खात्याच्या पंचनाम्यात मंडळामध्ये 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ‘अतिवृष्टी’ झाली असे धरतात. तज्ज्ञाला या पायऱ्या आवश्यक आहेत. पण ‘अति’ आणि ‘अत्यंत’ यांतला जवळजवळ दुपटीचा फरक डोंगरउतारावरच्या वाडीला कानांनी कसा कळावा? आणि कळला तरी ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ याचा अर्थ तिने काय घ्यावा? जमिनीला भेगा दिसल्या, झाडे किंवा खांब कलले, ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर घर सोडा आणि शाळेत जा, असे लिहिले तर तो इशारा होतो. ‘सतर्क राहावे’ एवढ्याने फार तर सूचना दिल्याची नोंद होते.

मराठीला हे नवे नाही

यावर एक आक्षेप नेहमी येतो. राज्यकारभाराला नेमकी परिभाषा लागते. सोपे लिहायला गेले की अर्थ सैल होतो आणि उद्या न्यायालयात पंचाईत होते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. 1960 साली भाषा संचालनालय स्थापन झाले, 1964 साली राजभाषा अधिनियम झाला आणि त्यानंतर परिभाषा कोश तयार करण्याचे जे काम झाले ते अत्यावश्यक होते. ते झाले नसते तर आजही कचेऱ्या इंग्रजीतच चालल्या असत्या. मात्र शब्दाचा कोश आणि नागरिकाला लिहिलेले वाक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा आपल्याला विसर पडला.

शिवनेरीवर जन्मलेल्या छत्रपतींना हा भेद ठाऊक होता. त्यांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच राजाचे 1674 च्या सुमाराचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ हलवर्ण येथे तळ दिलेल्या लष्कराला ते लिहिलेले आहे. त्यात पावसाळ्यापुरता दाणागोटा जपून वापरा असे सांगून राजा थांबत नाही. आताच उधळपट्टी केली तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेला लुटू लागाल आणि रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे, अशी परिणामांची साखळी तो उलगडून दाखवतो. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, चिलीम ओढू नका, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, इतक्या बारकाव्याने तो आगीची सूचना देतो. काय करायचे, काय टाळायचे, न ऐकल्यास काय होईल, सारे त्यात आहे; आणि हुकमाचा हुकूमपणा तसूभरही उणा झालेला नाही. कोश ही कचेरीची गरज होती. पत्र माणसांसाठी होते.

त्याहूनही मागे जायचे तर नाणेघाट जुन्नर तालुक्यातच आहे. तेथील सातवाहनकालीन लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो. यज्ञप्रसंगी राजकुलाने काय काय दान दिले, याचा हिशेब त्यात मांडला आहे. गायी किती, कार्षापण किती, हे आकड्यांनिशी. जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखही असेच आहेत. कोणी, काय, कोणाला दिले, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेव कशी ठेवली, पाण्याची पोढी कोणी खोदविली, एवढे सांगून लेख थांबतो. आणि हे सारे प्राकृतात आहे. त्या काळी अक्षर ओळखणारे थोडेच असतील. पण वाचून दाखवले तर बाजारात आलेल्या माणसाला ते बहुतेक समजत असावे. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी रंगनाथ पठारे समितीने दिलेल्या पुराव्यांत नाणेघाटाच्या लेखाचाही समावेश होता. ज्या लेखाच्या बळावर आपण भाषेचे वय सिद्ध केले, त्या लेखाचा गुण मात्र आपल्या सूचनाफलकांनी घेतला नाही.

जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविले त्या रेड्याची समाधी आहे. श्रद्धेने वंदन करून त्या कथेतील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रेड्याच्या मुखातून वेदाक्षरे उमटली. परंतु ज्ञानदेव तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी नेवाशास गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. अक्षरे उच्चारली जाणे आणि अर्थ पोचणे यांतले अंतर त्यांनी स्वतः तोडले. आपली संकेतस्थळे अद्याप पहिल्या टप्प्यावर आहेत.

सोपे लिहिणे म्हणजे संस्कृत शब्द काढून फारसी घालणे किंवा उलट, असाही समज करून घेऊ नये. ‘सात-बारा’ हा शब्द पाहा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन कोरड्या क्रमांकांचा तो जोड. पण आज तो शेतकऱ्याच्या घरातला शब्द आहे. ‘फेरफार’, ‘वारस’, ‘हरकत’ हेही तसेच. रुळलेला शब्द तांत्रिक असला तरी ठेवावा. न रुळलेला शब्द वापरणे भाग असेल तर शेजारी त्याचा अर्थ लिहावा. 2024 साली ‘तलाठी’ या पदाचे नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. नवे नाव लिहावेच, पण काही वर्षे तरी कंसात ‘तलाठी’ असावे, नाही तर आजोबा विचारतील, हा कोण नवा अधिकारी?

डोळ्यांआड राहिलेले वाचक

आणखी एक वर्ग असा आहे की ज्याच्यासमोर मजकूर असूनही नसल्यासारखा असतो. दृष्टिहीन माणूस आज पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने अर्ज भरू शकतो. पण कचेरीने सही-शिक्क्याच्या कागदाचे छायाचित्र काढून तेच संकेतस्थळावर चढवले तर त्या आज्ञावलीला तेथे अक्षर दिसत नाही, केवळ चित्र दिसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत लिहिलेल्या मराठीचीही तीच गत. तेथे आज्ञावली निरर्थक अक्षरे उच्चारते. अशा कागदात डोळस माणसालाही शब्द शोधता येत नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा माहिती सुगम्य स्वरूपात असावी असे म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी दिलेल्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातील चौथे कलमही माहिती प्रसिद्ध करताना स्थानिक भाषा विचारात घ्या असे बजावते. कायद्यांची वाण नाही. वाण आहे ती लिहिल्यावर एकदा वाचून पाहण्याच्या सवयीची.

इतर देशांनी हे काम गांभीर्याने घेतले आहे. ब्रिटनमध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी 1948 साली सरकारी नोकरांसाठी सोप्या इंग्रजीचे पुस्तक लिहिले, तेही अर्थखात्याच्या सांगण्यावरून. पुढे 2012 पासून त्या देशाने सरकारी खात्यांची विखुरलेली संकेतस्थळे एकाखाली आणली आणि लिहिणाऱ्यांना वाक्य 25 शब्दांच्या आत ठेवा असे सांगितले. तो आकडा आपण जसाच्या तसा उचलू नये. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘प्राधिकाऱ्यांकडूनसुद्धा’ या एका शब्दात इंग्रजीचे तीन-चार शब्द सामावतात. आपले माप वेगळे असावे: नववीतल्या मुलीला एका दमात वाचता येईल एवढे वाक्य.

हे माप वापरायला वेगळा निधी लागत नाही. तालुक्याच्या कचेरीत मजकूर तयार झाला की तो संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी कारकुनाने शिपायाला, किंवा त्या दिवशी बाकावर बसलेल्या एखाद्या अर्जदाराला, मोठ्याने वाचून दाखवावा आणि ‘आता तुम्ही काय कराल?’ एवढेच विचारावे. उत्तर चुकले तर दोष ऐकणाऱ्याचा धरू नये, वाक्य बदलावे. प्रत्येक सेवेच्या पानावर ती कोणासाठी, कोणते कागद, शुल्क किती, दिवस किती, अर्ज कोठे, नकार आल्यास दाद कोणाकडे आणि कधीपर्यंत, एवढे आरंभीच असावे. कायद्याचे कलम आणि निर्णयाचा क्रमांक खाली राहू द्यावा. पान केव्हा तपासले त्याची तारीख असावी. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी निबंधाच्या तासाला वर्षातून एकदा ‘माझा आवडता ऋतू’ बाजूला ठेवून एखादी खरी सरकारी सूचना मुलांकडून सोप्या मराठीत लिहवून घ्यावी. त्या मुलांपैकीच काही उद्या त्या खुर्चीवर बसणार आहेत.

कारकून मंडळींना दोष देणे सोपे आहे. वस्तुस्थिती अशी की ‘सदर’, ‘विहित’, ‘सक्षम’ ही भाषा त्यांनी शोधलेली नाही. मागच्या मसुद्यावरून पुढचा मसुदा उतरत आला आहे. चूक झाल्यास आपल्यावर येऊ नये म्हणून कर्ता लपवणारी वाक्यरचना त्यांना सुरक्षित वाटते. तेव्हा ‘मी तुम्हाला सात दिवसांत दाखला देईन’ असे लिहिणाऱ्या कारकुनाच्या पाठीशी उभे राहणे हे वरिष्ठांचे काम आहे. स्पष्ट लिहिणारा माणूस बांधला जातो, आणि लोकसेवेत तेच अभिप्रेत आहे.

नाणेघाटातून चढून आलेल्या व्यापाऱ्यांनी त्या शिळालेखापाशी विसावा घेतला असेल. आज त्याच तालुक्यातली एखादी मुलगी संध्याकाळी ओट्यावर बसून आजोबांना सरकारचे पान वाचून दाखवते. ती मध्येच थांबते आणि म्हणते, ‘आबा, हे मलाही कळत नाही.’ सरकारी मराठीची परीक्षा त्या ओट्यावर होत असते, आणि तेथे नापास होते ते सरकार. ती मुलगी नव्हे.